थ्रीडी पॉवर डॉपलर करायला सांगितलंय? जायच्या आधी हे वाचून घ्या

मागच्या एप्रिलमध्ये माझ्या ओटीपोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं. आधी साधी सोनोग्राफी झाली, त्यात ओव्हरीवर ४ सेंटिमीटरची सिस्ट दिसली, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं 'थ्रीडी पॉवर डॉपलर'. मला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी जाऊन करून आली. रिपोर्टमध्ये आलं की सिस्टच्या भिंतीला भरपूर रक्तप्रवाह आहे, गाठ नवीन वाढीची (म्हणजे कॅन्सरचीही असू शकते अशी) असण्याची शक्यता नाकारता येत नाही. घरी येऊन मी ते वाक्य किती वेळा वाचलं त्याचा हिशोब नाही, रात्री उठून मोबाइलच्या उजेडात वाचायची, शेजारी मुलगी झोपलेली.

आठ दिवसांनी दुसऱ्या एका गायनॅक मॅडमकडे गेली तर त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "तपासणी केली त्या दिवशी पाळीचा कितवा दिवस होता?" मी बोटांवर मोजलं. बाविसावा. मॅडम म्हणाल्या, "मग हे असं दिसणारच. पाळी येऊ द्या, दोन पाळ्या होऊ द्या, मग सहाव्या दिवशी परत करा." तसं केलं. सिस्ट नव्हतीच. दर महिन्याला बीज सुटल्यावर ओव्हरीत जी तात्पुरती गाठ बनते, कॉर्पस ल्युटिअम म्हणतात तिला, ती होती. तिच्याभोवती रक्ताचं कडं असणं अगदी नॉर्मल आहे.

पहिल्या रिपोर्टवर पाळीची तारीख लिहायचा रकाना कोरा होता. कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं. तपासणी चुकीची नव्हती, मशीनही चांगली होती, फक्त दिवस चुकला होता आणि प्रश्न कोणी लिहिलाच नव्हता. त्यानंतर सहा महिन्यांनी आमच्या वहिनीला गरोदरपणात हीच तपासणी सांगितली, तेव्हा आम्ही सगळं नीट विचारून गेलो आणि त्या तपासणीने तिचा जीव वाचायला मदत झाली. दोन्ही बाजू पाहिल्या म्हणून हे लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. औषधोपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण तिथपर्यंत पोचताना जो गोंधळ होतो तो तुमचा होऊ नये.

१. आधी समजून घ्या की ही तपासणी नक्की कोणती

सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो, कारण 'थ्रीडी' आणि 'डॉपलर' हे दोन शब्द तीन-चार वेगवेगळ्या तपासण्यांना चिकटलेले आहेत.

साधी सोनोग्राफी म्हणजे काळी-पांढरी, ती आकार दाखवते. कलर डॉपलर रक्त कुठल्या दिशेने आणि किती वेगाने वाहतंय ते दाखवतो, लाल निळा रंग असतो ना तो. डॉपलर हे नाव ऑस्ट्रियाच्या क्रिस्टियान डॉपलर यांचं, हलणाऱ्या वस्तूकडून येणाऱ्या लहरी बदलतात हा नियम त्यांनी १८४२ मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशाबद्दल मांडला होता, तोच नियम आज पोटातल्या रक्तवाहिन्यांना लावतात. पॉवर डॉपलर थोडा वेगळा आहे. तो दिशा सांगत नाही, वेगही सांगत नाही, फक्त हलणाऱ्या रक्ताकडून किती जोरात सिग्नल परत येतोय ते मोजतो. त्यामुळे अगदी बारीक आणि हळू वाहणाऱ्या वाहिन्याही दिसतात, ज्या कलर डॉपलरमध्ये सुटून जातात. स्क्रीनवर तो एकाच रंगात दिसतो, केशरी-पिवळा.

मी मुलांना समजावते तसं सांगते. कलर डॉपलर म्हणजे आमच्या नागपूरच्या व्हेरायटी चौकात उभं राहून कोणती गाडी कुठून कुठे चालली आणि किती वेगात ते पाहणं. पॉवर डॉपलर म्हणजे रात्री उंचावरून महालच्या गल्ल्यांकडे पाहणं. गाडी कोणत्या दिशेने जातेय ते कळत नाही, पण कोणकोणत्या बारीक गल्लीत दिवा हलतोय ते सगळं दिसतं.

आणि थ्रीडी म्हणजे एका कापाचं चित्र न घेता पूर्ण घनाचं चित्र घेणं. प्रोब, म्हणजे अंगाला लावतात तो मशीनचा भाग, एका जागी स्थिर ठेवतात, आतला भाग आपोआप फिरतो, काही सेकंदात अख्खा भाग साठवला जातो आणि मग डॉक्टर तो स्क्रीनवर हव्या त्या बाजूने फिरवून, कापून पाहतात. पहिली विकायला आलेली थ्रीडी सोनोग्राफी मशीन १९८९ ची, तीही ऑस्ट्रियाचीच, आणि पॉवर डॉपलर १९९४ च्या आसपास वापरात आला. दोन्ही एकत्र केले की गाठीच्या आत वाहिन्यांचं जाळं कसं पसरलंय त्याचा पूर्ण आकार समोर येतो.

आता सापळे. गरोदरपणात बाळाचा चेहरा दाखवतात ती 'थ्रीडी-फोरडी' वेगळी. बाळाची वाढ कमी आहे म्हणून 'डॉपलर करा' सांगतात तो बहुतेक वेळा साधा डॉपलर असतो, ज्यात नाळेच्या प्रवाहाचा ग्राफ काढतात आणि पीआय, आरआय असे आकडे येतात. फोनवर नुसतं 'थ्रीडी आहे का' विचारलं तर समोरचा 'आहे' म्हणेल आणि तुम्ही भलत्याच तपासणीला जाऊन बसाल. पूर्ण नाव घ्या.

२. चिठ्ठीवर प्रश्न लिहून घ्या

डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर पडायच्या आधी चिठ्ठी पाहा. नुसतं तपासणीचं नाव लिहिलेलं असेल तर तिथेच विचारा, "डॉक्टर, यातून काय पाहायचंय ते पण लिहून द्याल का?" दोन ओळी पुरतात. ही तपासणी म्हणजे सगळं पोट चाळून काढायची चाळणी नाही, एका ठराविक जागेबद्दल ठराविक प्रश्न असेल तरच तिचा उपयोग. तो प्रश्न कसा असू शकतो ते सांगते म्हणजे तुमची केस कुठे बसते ते कळेल.

ओव्हरीची गाठ असेल तर प्रश्न असा की गाठीच्या आत काही घट्ट भाग किंवा भिंतीला कोंब आलेत का आणि त्यात रक्त जातंय का. नुसतं पाणी भरलेल्या सिस्टमध्ये रक्तप्रवाह नसतो. घट्ट कोंबात वाहिन्या शिरलेल्या दिसल्या तर डॉक्टर जास्त सावध होतात. कधीकधी सिस्टमध्ये रक्ताची गुठळी घट्ट भागासारखी दिसते, तिथे प्रवाह नाही हे कळलं की मोठी भीती जाते.

पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं तर गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराबद्दल प्रश्न असतो. आधी अस्तराची जाडी मोजतात, ती ४ मिलीमीटर किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फार कमी धरतात. जाडी जास्त असेल तर आत पॉलिप (अस्तरातून वाढलेला मांसाचा कोंब) आहे की आणखी काही ते पाहायचं असतं. पॉलिपमध्ये बऱ्याचदा एकच वाहिनी देठासारखी आत शिरताना दिसते, आणि वाईट वाढीत अनेक वाहिन्या वेड्यावाकड्या फांद्या फुटल्यासारख्या. पण पक्कं उत्तर तुकडा तपासल्यावरच मिळतं, सोनोग्राफीवर थांबू नका. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक ठिपका जरी दिसला तरी दाखवाच. आपल्या घरातल्या बायका 'उष्णता झाली' म्हणून सोडून देतात, ते नको.

जास्त रक्तस्राव आणि पोटात दुखणं असेल तर फायब्रॉइड (पिशवीच्या स्नायूची सुटी गाठ) की अ‍ॅडिनोमायोसिस (अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरणं) हा प्रश्न. फायब्रॉइडमध्ये वाहिन्या बहुतेक गाठीच्या कडेने गोल फिरतात, अ‍ॅडिनोमायोसिसमध्ये त्या दुखऱ्या भागातून आरपार जातात. ऑपरेशन कसं करायचं ते यावर बरंच ठरतं, कारण फायब्रॉइड सोलून काढता येतो, अ‍ॅडिनोमायोसिस तसा सुटा निघत नाही.

आता वहिनीची गोष्ट, म्हणजे वारेची. वार म्हणजे प्लासेंटा, ज्यातून नाळेवाटे बाळाचं पोषण होतं. तिचं पहिलं सिझर झालेलं होतं. दुसऱ्या वेळी वार खाली, पिशवीच्या तोंडावर आणि पुढच्या भिंतीला, बरोबर जुन्या टाक्यांवर आली. अशा वेळी वार भिंतीत खोल रुतण्याचा धोका असतो, त्याला प्लासेंटा अ‍ॅक्रिटा म्हणतात. रुतलेली वार डिलिव्हरीच्या वेळी ओढून काढायला गेलं तर रक्त थांबत नाही. अमेरिकेत २००६ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात वार तोंडावर असलेल्या आणि आधी एक सिझर झालेल्या बायकांमध्ये हा धोका ११ टक्के निघाला, आधी दोन सिझर झालेल्यांमध्ये ४० टक्के. तिच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं, जुन्या टाक्यांवर वार, पिशवी आणि लघवीची पिशवी यांच्या मधली रेघ शाबूत आहे का, वाहिन्या पलीकडे जातात का. काळ्या-पांढऱ्या चित्रात वारेत खड्डे खड्डे दिसत होते, आणि थ्रीडी पॉवर डॉपलर लावल्यावर लघवीच्या पिशवीच्या बाजूला वाहिन्यांचं दाट जाळं उभं राहिलं. दादा बाजूला उभा होता, त्याला स्क्रीनमधलं काही कळत नाही, पण तो नंतर मला म्हणाला, "अख्ख्या स्क्रीनवर केशरी जाळं पसरलं होतं अन् डॉक्टरीण बाई एकदम गप्प झाल्या."

आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) उपचारात अस्तराकडे आणि ओव्हरीकडे किती रक्त जातंय ते मोजायलाही ही तपासणी करतात. तिथे एक सांगते, त्या आकड्यावरून गर्भ राहणारच किंवा राहणारच नाही असं कोणी ठामपणे सांगू शकत नाही, त्यामुळे आकडा कमी आला म्हणून रडत घरी येऊ नका. बाळाच्या बाबतीत नाळ वारेला कुठे जोडली आहे, मेंदूतल्या किंवा हृदयाजवळच्या वाहिन्यांची रचना कशी आहे, अशा खास प्रश्नांना वापर होतो. बाकी थायरॉइडची गाठ, स्तनातली गाठ, प्रोस्टेट, प्रत्यारोपण केलेली किडनी यातही होतो, आणि संधिवातात सुजलेल्या सांध्याला पॉवर डॉपलर लावतात, तिथे बहुतेक थ्रीडी लागतही नाही.

आणि हे पण विचारा की थ्रीडी लागणारच आहे का. अनुभवी डॉक्टर साध्या टूडी पॉवर डॉपलरवर बहुतेक उत्तर देऊ शकतात. थ्रीडी नेहमीच जास्त चांगलं असं नाही. विचारायला लाजायचं कारण नाही, पैसे तुमचे लागतात.

३. दिवस मोजून अपॉइंटमेंट घ्या

ही पायरी मी चुकवली म्हणून दीड महिना झोप गेली. पाळी सुरू असणाऱ्या बायकांसाठी दिवसाला फार महत्त्व आहे. दिवस मोजायचा तो पाळी आल्याच्या पहिल्या दिवसापासून, संपल्यापासून नाही. खूप जणी संपल्याच्या दिवसापासून मोजतात आणि सगळा हिशोब चुकतो.

ओव्हरीची गाठ पाहायची असेल तर साधारण पाचव्या ते नवव्या दिवसात. तेव्हा बीज सुटलेलं नसतं, कॉर्पस ल्युटिअम नसतं, त्यामुळे रक्ताचं ते फसवं कडं दिसत नाही.

अस्तरातला पॉलिप पाहायचा असेल तरी पाळी संपल्या संपल्या, अस्तर पातळ असताना. जाड अस्तरात पॉलिप लपतो.

पण गर्भपिशवीत जन्मतः पडदा आहे का, पिशवीचा आकार दुभंगलेला आहे का, हे थ्रीडीवर पाहायचं असेल तर उलटं, पाळी यायच्या आधीच्या पंधरवड्यात जायचं, कारण तेव्हा अस्तर जाड असतं आणि पिशवीची आतली रेघ ठळक उठून दिसते. म्हणजे एकाच मशीनवर, एकाच बाईची तपासणी, पण प्रश्न बदलला की दिवस बदलतो. म्हणून चिठ्ठीवर प्रश्न पाहिजे.

पाळी अनियमित असेल, हार्मोनच्या गोळ्या सुरू असतील, कॉपर टी असेल, तर तेही लिहून न्या.

वारेचा प्रश्न असेल तर आठवडे डॉक्टर ठरवतील. सुरुवातीच्या १० आठवड्यांत मात्र गरज नसताना डॉपलर लावत नाहीत. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, पण डॉपलरमध्ये ध्वनीलहरींची ऊर्जा साध्या सोनोग्राफीपेक्षा जास्त जाते, म्हणून लवकरच्या दिवसांत जपून, कमीत कमी वेळ वापरतात. कोणी हौसेने 'ठोके रंगीत दाखवा' म्हणत असेल तर नाही म्हणा.

आणि एक फार महत्त्वाचं. अचानक एका बाजूला जीवघेणं दुखायला लागलं, सोबत उलट्या, किंवा पाळी चुकली आहे आणि दुखतंय, चक्कर येतेय, तर हे दिवस वगैरे काही मोजत बसू नका, तडक इमर्जन्सीत जा. ओव्हरीला पीळ पडलेला असू शकतो किंवा गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. पीळ पडला असतानाही डॉपलरमध्ये प्रवाह दिसू शकतो, म्हणून 'रक्तप्रवाह आहे' एवढ्यावर निश्चिंत व्हायचं नसतं.

४. नागपुरात कुठे आणि कसं शोधायचं

बहुतेक प्रायव्हेट सेंटर धंतोली आणि रामदासपेठेत आहेत. सरकारी हॉस्पिटलांमध्ये मेडिकल कॉलेज, मेयो, मिहानचं एम्स, आणि बायकांसाठी डागा हॉस्पिटल. सरकारी ठिकाणी आधी गायनॅकच्या ओपीडीत दाखवून तिथली चिठ्ठी घ्या, थेट रेडिओलॉजीच्या खिडकीवर गेलात तर परत पाठवतात. तिथेही विचारा की थ्रीडीचा प्रोब सध्या सुरू आहे का, म्हणजे खेटा वाचेल.

प्रायव्हेटला फोन करून एवढं विचारा:

- थ्रीडी पॉवर डॉपलर करता का, चेहऱ्याची फोरडी नाही, गाठीच्या रक्तप्रवाहासाठी
- आतून म्हणजे योनीमार्गातून, टीव्हीएस प्रोबने थ्रीडी होते का, कारण ओव्हरी आणि अस्तरासाठी तोच लागतो
- तपासणी डॉक्टर स्वतः करतील का, आणि ते कोणत्या दिवशी असतात
- रिपोर्टसोबत चित्रं आणि सीडी किंवा पेनड्राइव्हवर डेटा मिळेल का
- एकूण किती पैसे, आणि थ्रीडीचे वेगळे लागतात का

चौथा प्रश्न ऐकून समोरच्याने 'चित्रं कशाला पाहिजे' म्हटलं तर मी तरी दुसरं सेंटर पाहीन. दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसत्या कागदावरच्या शब्दांचा उपयोग नसतो. थ्रीडीचा फायदाच हा की साठवलेला घन दुसरा डॉक्टर नंतर उघडून परत फिरवून पाहू शकतो.

धंतोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही हे सांगायला नको. सकाळी दहानंतर तर नाहीच. मेट्रोने गेलात तर ऑरेंज लाइनवर काँग्रेस नगर किंवा रहाटे कॉलनीला उतरा, तिथून ऑटो. मे महिन्यात ४५ डिग्रीत भरलेल्या लघवीच्या पिशवीने पार्किंग शोधणं म्हणजे शिक्षा आहे, मी भोगलीय. एप्रिल-मेमध्ये सकाळची पहिली वेळ मागा.

५. कागदपत्रं आणि सामान

- डॉक्टरांची चिठ्ठी, प्रश्नासकट
- आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स
- आधीचे सगळे सोनोग्राफी रिपोर्ट आणि फिल्म, तारखेप्रमाणे लावून
- शेवटच्या पाळीची तारीख लिहिलेला कागद
- सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरची शंका असताना करतात ती रक्त तपासणी) किंवा दुसऱ्या रक्त तपासण्या झाल्या असतील तर त्या
- आधीच्या ऑपरेशनची, सिझरची डिस्चार्ज कार्ड
- सॅनिटरी पॅड, पाण्याची बाटली, सैल कपडे

गरोदर असाल तर फॉर्म एफ भरावा लागतो, त्यात तुमचं नाव, पत्ता, मुलं किती, तपासणीचं कारण हे सगळं असतं, आणि मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं लिहून सही करावी लागते. लिंगनिदान रोखायचा हा कायदा देशात १९९४ चा आहे, आणि आपल्या महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी १९८८ मध्ये स्वतःचा कायदा केला होता, देशात सगळ्यात पहिला. सेंटरमध्ये नोंदणीचं प्रमाणपत्र आणि लिंगनिदान होत नाही हा बोर्ड दिसलाच पाहिजे. बोर्ड नसेल तर तिथे करू नका. आणि आत गेल्यावर 'काय आहे' असं सासूबाईंच्या वतीने विचारू नका, डॉक्टरांना अडचणीत टाकता आणि गुन्हा आहे तो. फॉर्मवर आधारमधलं नाव आणि चिठ्ठीवरचं नाव जुळलं पाहिजे. लग्नानंतर आधारवर माहेरचंच नाव राहिलं असेल तर चिठ्ठीवर तेच लिहून घ्या. वहिनीला याच कारणासाठी परत डॉक्टरांकडे पाठवलं होतं, सातव्या महिन्यात, उन्हात.

गरोदर नसाल तर फॉर्म एफ लागत नाही.

६. त्या दिवशी काय होतं

पोटावरून तपासणी असेल तर लघवीची पिशवी भरलेली हवी, तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी. आतून असेल तर रिकामी. मात्र वारेचा प्रश्न असेल तर आतून करतानाही थोडी भरलेली ठेवायला सांगतात, कारण लघवीच्या पिशवीची भिंत स्पष्ट दिसायला पाहिजे. वहिनी सवयीने बाथरूमला जाऊन आली आणि मग तिला अर्धा तास पाणी पीत बसावं लागलं. काउंटरवरच्या ताईंनीच शेवटी सांगितलं, "अहो ताई, तुमचं वारेचं हाय ना जी, मंग कायले रिकामं करून आल्या?" म्हणून आधीच विचारा.

ओटीपोटासाठी उपाशी राहायची गरज नाही. लिव्हर, किडनीच्या वाहिन्या पाहायच्या असतील तर सहा-आठ तास उपाशी, सकाळचे तर्री पोहे त्या दिवशी राहू द्या, पोटातल्या गॅसमुळे काही दिसत नाही.

आतून करतात तेव्हा प्रोबवर कव्हर आणि जेल लावतात. दुखत नाही, दाब जाणवतो. दुखलं तर लगेच सांगा. लग्न झालेलं नसेल किंवा आतून नको असेल तर आधीच सांगा, पोटावरून किंवा दुसऱ्या मार्गाने करता येते. सोबत बाई अटेंडंट असावी हा तुमचा हक्क आहे, पुरुष डॉक्टर असतील तर नक्की मागा. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा.

मग ते म्हणतील, श्वास रोखा आणि हलू नका. हे मनावर घ्या. पॉवर डॉपलर हलणारी कोणतीही गोष्ट पकडतो, तुम्ही खोकललात, बोललात, आतडं हललं, की सगळ्या स्क्रीनवर केशरी झगमगाट पसरतो आणि तो घन फुकट जातो. माझ्या दुसऱ्या तपासणीत मॅडमनी तीनदा घेतला, दोनदा मी घाबरून श्वास सोडला म्हणून. शेवटी त्या म्हणाल्या, "मनातल्या मनात दहापर्यंत मोजा." मी सत्तावीसचा पाढा म्हटला, झालं व्यवस्थित.

मशीनवर बसल्यावर कोणी पाळीची तारीख विचारली नाही तर तुम्हीच सांगा, मोठ्याने, आणि टाइप केली का ते पाहा.

७. रिपोर्ट हातात आल्यावर

सगळ्यात आधी वर पाहा, नाव, वय, पाळीची तारीख, उजवी की डावी बाजू. उजव्याच्या जागी डावी टाइप झालेली मी स्वतः ओळखीतल्या एकीच्या रिपोर्टमध्ये पाहिलीय, तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

मग काही रिपोर्टमध्ये तीन आकडे असतात. व्हीआय म्हणजे त्या घनाचा किती टक्के भाग रंगीत आहे, म्हणजे वाहिन्या किती. एफआय म्हणजे जो भाग रंगीत आहे त्यात सिग्नल सरासरी किती जोराचा, ० ते १०० च्या मापावर. आणि व्हीएफआय म्हणजे दोन्हींचा मिळून, गुणाकाराला शंभराने भागलं की येतो. व्हीआय १० आणि एफआय ४० असेल तर व्हीएफआय ४. मी पहिल्यांदा हे जुळवून पाहिलं तेव्हा कागदावरचा धाक जरा कमी झाला.

पण या आकड्यांना साखरेसारखी ठरलेली नॉर्मल रेंज नाही. मशीनची सेटिंग बदलली, गेन (सिग्नल किती मोठा करून दाखवायचा ते) थोडा वाढवला, गाठ खोल असली, बाईचं वजन जास्त असलं, की तीच गाठ वेगळा आकडा देते. म्हणून एका सेंटरचा व्हीआय दुसऱ्या सेंटरच्या व्हीआयशी लावून 'वाढला' किंवा 'कमी झाला' म्हणायचं नाही. पुढची तपासणी शक्य असेल तर त्याच मशीनवर, त्याच डॉक्टरांकडे करा. आणि खोल भागात रंग दिसला नाही याचा अर्थ तिथे रक्त जातच नाही असा होत नाही.

बऱ्याच रिपोर्टमध्ये आकड्यांऐवजी कलर स्कोअर १ ते ४ असतो. १ म्हणजे प्रवाह नाही, ४ म्हणजे भरपूर. नुसता ४ पाहून हादरू नका, माझाही ४ होता. कॉर्पस ल्युटिअमला येतोच. स्कोअरसोबत घट्ट भाग आहे का, कोंब आहेत का, पोटात पाणी आहे का, हे सगळं एकत्र पाहतात.

'शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य रेडिओलॉजिस्ट प्रामाणिकपणे सावध राहून लिहितात, ते निदान नसतं. रात्री मोबाइलवर शोधत बसण्यापेक्षा सकाळी डॉक्टरांकडे जाऊन विचारा की यातलं काय पक्कं आहे आणि काय परत पाहायचंय.

८. पुढे काय

तीनपैकी एक सांगतील. एक, थांबून परत सोनोग्राफी, बहुतेक सहा ते आठ आठवड्यांनी. दोन, एमआरआय किंवा रक्त तपासणी. सीए-१२५ एंडोमेट्रिओसिसमध्ये (अस्तरासारखा भाग पिशवीबाहेर वाढतो तो आजार), पाळीच्या दिवसांतही वाढतो, त्यामुळे तोही एकटा पाहायचा नाही. तीन, ऑपरेशन किंवा तुकडा तपासणं. गाठ संशयास्पद असेल तर कॅन्सरचं ऑपरेशन करणाऱ्या गायनॅक सर्जनचं मत आधी घ्या, मग टेबलावर जा.

वहिनीच्या बाबतीत रिपोर्ट आल्यावर आमच्या घराजवळच्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं की ही डिलिव्हरी इथे नको. मोठ्या हॉस्पिटलात नाव नोंदवलं, जिथे रक्तपेढी, लघवीच्या पिशवीचे सर्जन आणि बाळासाठी एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) एकाच छताखाली होतं. दादाच्या ऑफिसातल्या सहा जणांनी आधीच रक्तदान करून ठेवलं. ३५व्या आठवड्यात ठरवून ऑपरेशन झालं, वार ओढली नाही, गर्भपिशवी काढावी लागली, चार बाटल्या रक्त लागलं. पुतण्या नऊ दिवस काचेत होता. आता रांगतो.

तुम्हाला परत तपासणी सांगितली असेल तर तारीख 'दीड महिन्यांनी' अशी लिहून घेऊ नका, 'पाळीच्या पाचव्या ते नवव्या दिवशी' अशी लिहून घ्या. माझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी पाळी आली की त्या चौकोनात पेन्सिलने १ लिहायची, मग रोज पुढचा आकडा, आणि ६ वर गोल. त्या गोलाच्या दिवशी सकाळी साडेआठला मी धंतोलीत पोचलेली होती, फाइल मांडीवर घेऊन, आणि काउंटरवर विचारायच्या आतच मी पाळीची तारीख सांगितली.